तुरुंगातील माणसाची साक्ष

लासूर स्टेशनच्या एखाद्या घरातील तरुण हर्सूलच्या कारागृहात आपला खटला उभा राहण्याची वाट पाहत आहे, अशी कल्पना करा. गुन्हा सिद्ध झालेला नाही. जामिनासाठी पैसा नाही. मतदानाच्या दिवशी सारे घर केंद्रावर जाते, त्याला मात्र मत देता येत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ६२(५) शिक्षा झालेला आणि खटला चालू असलेला असा भेदच करीत नाही. उलट दोषी ठरूनही जामिनावर बाहेर असलेला खुशाल मत देतो. देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. तेव्हा या नियमाचा भार कोणावर पडतो, हे वेगळे सांगायला नको.

जून २०२२ मध्ये कोठडीत असलेले आमदार नवाब मलिक आणि अनिल देशमुख यांनाही याच कलमामुळे विधान परिषदेच्या निवडणुकीत मत देता आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली हे कलम वैध ठरविले. बंदोबस्ताची अडचण हे त्यामागचे एक कारण होते. अडचण खरी असेल. पण प्रतिबंधात्मक स्थानबद्धाला टपालाने मत देता येते, मग कच्च्या कैद्याला का नाही?

अनेक उलेमांनी मताला शहादत, म्हणजे साक्ष मानले आहे. साक्षीचा अधिकार केव्हा जातो? सूरह नूरमध्ये शीलवान स्त्रीवर आळ घेऊन चार साक्षीदार न आणणाऱ्याची साक्ष नाकारण्याचा आदेश आहे, आणि लगेच तौबा करून सुधारणाऱ्यांचा अपवाद आहे. हा अपवाद साक्षीलाही लागू होतो, असे इमाम शाफई (रह.) म्हणतात, इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते होत नाही. प्रश्न तेव्हाही सोपा नव्हता. मात्र गुन्हा शाबीत होण्याआधीच शिक्षा, हे दोघांनाही मान्य नाही.

हजरत यूसुफ (अ.) निर्दोष असून कैदेत राहिले. बादशाहाचे बोलावणे आले तरी आधी आपल्या प्रकरणाची चौकशी व्हावी, असा त्यांनी आग्रह धरला. याच कैद्याच्या शब्दावर मिसरने दुष्काळाची तयारी केली होती.

खून शाबीत झालेल्याने शिक्षेच्या काळात मत गमावले, तर मला त्यात अन्याय दिसत नाही. पण सुटकेबरोबर कायद्याची ही बंदीही संपते, आणि २०१३ च्या दुरुस्तीनुसार या बंदीमुळे मतदार म्हणून त्याची नोंद रद्द होत नाही. बंदी उरते ती आपल्या बोलण्यात: ‘तुला कशाला हवे मत?’ आपल्या मोहल्ल्यात असा कोणी परतला असेल, तर यादीत त्याचे नाव पाहा आणि त्या दिवशी त्याला बरोबर घेऊन निघा.