हरलेल्या संपाचे गाणे

हरलेल्या संपाचा उत्सव करावा काय? जऊळक्याच्या शिवारात कापूस पिकतो. म्हणून गिरणीचा संप आम्हांस परका नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले, तेव्हा डफाची थाप चालू लढ्याला बळ देत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या. म्हणूनच जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये जल्लोष नाही, चाळीतल्या आईचे विस्कटणारे घर आहे. आमच्या मते हेच प्रामाणिक स्मरण. ज्याची चूल विझली त्याला वगळून वाजविलेला डफ हा उसना उत्साह होय. तरी गाणे थांबवावे, असे आम्ही म्हणणार नाही. फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे. तेथे हिंडणाऱ्या मुलांना गिरणीचा भोंगा दुसरे कोण ऐकविणार?