नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

आपल्या मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचेच अंतर आहे. पहिले बारशाला होते, दुसरे बारशाहून परतताना! माणसांचे हे, तर दुकानदारीचे काय विचारावे? आठ-पंधरा दिवस भाव उतरवायचे, समोरच्याचे गिऱ्हाईक आपल्याकडे वळवायचे आणि या खटाटोपाला एखादे गोंडस नाव द्यायचे, ही रीत आता घरोघर ठाऊक आहे. अशा नावाचे चांगले-वाईट कशावरून ठरवावे?

या गोष्टीला बोलीत एक सरळ शब्द आहे: गिऱ्हाईक फोडणे. घर फोडतात, साक्षीदार फोडतात, तसेच हे. पण तो शब्द पाटीवर कोणी लिहीत नाही. म्हणून तर नाव शोधावे लागते.

मुंबईला हा खेळ जुना आहे. भायखळा-परळच्या गिरण्यांचे सूत चीनला जाई, ते बोटींनी. त्या वाटेवर पी. अँड ओ. या विलायती कंपनीचे वर्चस्व होते. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले आणि तिथल्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीशी करार करून त्यांनी स्वतःच्या बोटी सुरू केल्या. टनाला १२ रुपये हा त्यांचा दर. विलायती कंपनीने आपला दर दीड रुपयापर्यंत खाली आणला! व्यापारी तिकडे वळले, टाटांच्या बोटी थांबल्या आणि दर पुन्हा चढले. माल पाठवणाऱ्याला ती सवलत वाटली. टाटांनी पत्रक काढून तिला ‘भाड्यांचे युद्ध’ म्हटले. गोष्ट एकच, पण कोण कुठे उभा आहे यावर तिचे नाव ठरले.

अलीकडचे पाहा. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून मोबाइलची कंपनी बदलता येऊ लागली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओने फुकट सेवा दिली, तिचे नाव ‘वेलकम ऑफर’. वर्ष संपताना तीच ‘हॅपी न्यू इयर’ होऊन ३१ मार्च २०१७ पर्यंत चालली. मुदत वाढली की नवे बारसे! त्यातून स्वस्ताई आली, हे मान्य केलेच पाहिजे. पण स्वागत हा शब्द घरचा आहे. घरी स्वागतानंतर पाहुणा आपला होतो. दुकानात स्वागतानंतर बिल येते.

हे सारे मनात घोळण्याचे कारण माझा एक जुना विद्यार्थी. भायखळ्याला त्याचे किराणा मालाचे दुकान आहे. दिवाळीच्या तोंडावर तो आला नि म्हणाला, “सर, तुम्ही कादंबऱ्यांना नावे देता, माझ्या आठ दिवसांना एक द्या. ‘महालूट’ कसे वाटते?”

“अरे, कोण कोणाला लुटणार?” मी विचारले. तो हसला. त्याला ठाऊक नव्हते, की ज्या समोरच्या दुकानाचे गिऱ्हाईक त्याला फोडायचे होते, त्यांतले एक मीच होतो. त्या दुकानात आमची उधारीची वही आहे. पगार लांबला त्या महिन्यांत तिथल्या म्हाताऱ्या शेटजींनी तांदूळ कधी अडवला नाही. ती वही कुठल्या सवलतीत मोजायची?

तरीही विद्यार्थ्याला मी विन्मुख पाठवले नाही. त्यालाही पोट आहे आणि गिऱ्हाईक ही कोणाची वतनदारी नव्हे. मी म्हटले, “लिही: ‘एकदा येऊन पाहा. फक्त आठ दिवस.’”

“यात जोर नाही, सर.”

“जोर मालात असू दे.”

माझी कसोटी साधी आहे. विकणारा, घेणारा आणि ज्याचे गिऱ्हाईक जाणार तो, या तिघांसमोर जे नाव मोठ्याने वाचता येईल, ते चांगले. ‘पाहा’ म्हटले की परत जाण्याची वाट मोकळी राहते. ‘आठ दिवस’ म्हटले की नववा दिवस लपत नाही. ‘लूट’, ‘धडक’, ‘युद्ध’ म्हटले की घेणारा माणूस राहत नाही, लुटीतला ऐवज होतो. दसऱ्याला आपणही सोने लुटतो. पण ते लुटून एकमेकांच्या हातांवर ठेवतो. ज्या लुटीनंतर समोरच्याच्या घरी जाऊन पाने देता येतात, तिलाच आपल्या पूर्वजांनी सणाचे नाव दिले.