डुलकी कुणाची?

आमच्या डोकमर्डीहून नाशिककडे जायचे तर खानवेल, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक अशी वाट धरावी लागते. वळणे, घाट, खड्डे, मध्येच रस्त्यात ठाण मांडून बसलेली म्हैस. या वाटेवर पेंग येत नाही. रस्ताच ती येऊ देत नाही. २०२४ च्या जानेवारीत ही वाट संपवून सिन्नरजवळ आम्ही समृद्धी महामार्गाला लागलो, तेव्हा मी मोठ्या समाधानाने म्हणालो, "सुटलो एकदाचे!" मागच्या सीटवर सौ. आणि दोन नातवंडे होती. कारंज्याला मेहुणीच्या मुलीचे लग्न होते. वाटेत सिंदखेडराजाला उतरून पोरांना जिजाऊंचे जन्मस्थान दाखवायचे, असे घरून निघतानाच ठरले होते.

दुपारचे जेवण झाले. जालन्याचा फाटा मागे पडलेला मला आठवतो. त्यानंतर आठवते ती थेट मेहकरची पाटी. मधला सगळा रस्ता मीच चालवला होता. डोळे उघडे होते, गाडी आपल्या पट्ट्यात होती, वेगही मर्यादेत होता. पण त्या अवधीत मी कुठे होतो, हे मला आजही सांगता येणार नाही.

"अहो, सिंदखेडराजा मागे गेलं का?" सौ.ने विचारले.

अंगावर काटा आला. कारण १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस याच सिंदखेडराजाजवळ पेटली होती आणि २५ माणसे गेली होती. टायर फुटला की चालकाचा डोळा लागला, यावर तेव्हा आमच्या चहाच्या टपरीवर आठवडाभर वाद चालले होते, आणि त्या वादात मीही निकाल देऊन मोकळा झालो होतो.

माणसाला झोप लागली, यात त्याचा अपराध कोणता? झोपणे ही काही कृती नव्हे. "आता मी झोपतो" असे ठरवून कुणी स्टिअरिंगवर झोपत नाही. ज्या क्षणी अपघात घडतो त्या क्षणी करणारा तिथे नसतोच, मग दोष कुणाला लावायचा? यावर उत्तर सोपे आहे असे मला वाटायचे. त्या क्षणाच्या मागे जा. जांभया येत होत्या, पापण्या जड झाल्या होत्या, तेव्हा तो जागा होता, तेव्हाच त्याने थांबायला हवे होते. पण हे उत्तर पुरत नाही. आपण थकलो आहोत हे ज्या बुद्धीने ओळखायचे, तीच आधी थकते. १९४८ साली मॅकवर्थ नावाच्या इंग्रज संशोधकाचे प्रयोग प्रसिद्ध झाले. रडारवर नजर ठेवून बसणाऱ्यांची चूक का होते, हा त्याचा प्रश्न होता. त्याने माणसांना एका घड्याळासमोर बसवले. काटा ठरावीक टप्प्याने पुढे सरके, क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारी. ती उडी तेवढी ओळखायची. पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढू लागल्या. ही माणसे आळशी नव्हती. काहीच घडत नसताना सावध राहणे, हेच मुळात अतिशय कठीण काम आहे. आणि रुंद, सरळ, गावे टाळून जाणारा रस्ता म्हणजे दुसरे काय?

आपली परंपरा मात्र जागणाऱ्याचे कौतुक करते. अर्जुन गुडाकेश, म्हणजे निद्रा जिंकलेला. कुंभकर्णाच्या वाट्याला थट्टा. त्याच गीतेच्या सहाव्या अध्यायात अति जागणाऱ्यालाही योग साधत नाही असे सांगितले आहे, ते आपण सोयीस्करपणे विसरतो.

आमच्या सीमेवर ही गंमत रोज दिसते. सिल्वासात दारूबंदी नाही, गुजरातेत आहे. त्यामुळे इकडून भिलाडकडे जाणाऱ्या गाड्या थांबवून डिकी उघडायला लावतात, तोंडाचा वास घेतात. डोळे कुणी पाहत नाही. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिले की, सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात आणि नजर रक्तात शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते. आपल्या कायद्याची मर्यादा ३० आहे. पण जागरण मोजायला फुंकायची नळी नाही.

आता मागे जायचेच तर मला माझ्या टेबलापर्यंत जावे लागते. बरीच वर्षे मी इथल्या एका पॉलिएस्टर सुताच्या कारखान्यात माल पाठवण्याचे काम पाहत होतो. एकदा इचलकरंजीसाठी ट्रक सकाळी आठला फाटकाशी लागला. नंबर कधी येईल याचा भरवसा नसल्याने ड्रायव्हर दिवसभर जागाच. माल भरून झाला रात्री दहाला. बिल्टी हातात घेताना तो म्हणाला, "साहब, दो घंटा अंदर ही सो लूं?" भरलेली गाडी आवारात ठेवायची नाही, असा नियम होता. मी म्हणालो, "बाहर जाके सो जाओ." बाहेर ट्रक लावायला जागा नव्हती, हे मला ठाऊक होते.

पहाटे ट्रक रस्ता सोडून चारीत गेला. ड्रायव्हर वाचला, क्लीनरचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. विम्याच्या कागदांवर कारण मीच लिहिले: चालकास झोप लागल्यामुळे. १९६१ च्या मोटार कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती. फाटकाबाहेर तिष्ठण्याचे चौदा तास मात्र आमच्या कोणत्याच वहीत नव्हते. त्या एका वाक्यात मी खोटे काही लिहिले नव्हते. फक्त वाक्य फार उशिरा सुरू केले होते.

मेहकरच्या पाटीपाशी मला ते वाक्य आठवले, कारण सौ.ला उत्तर देताना मी म्हणालो होतो, "जरा लक्ष गेलं." दुसऱ्याला झोप लागते, आपले नुसते लक्ष जाते! त्या दिवशीही पहाटे चारला निघालो होतो, आणि आदल्या रात्री आहेराच्या बॅगा भरण्यात एक वाजला होता. मला कुणी शेठ घाई करत नव्हता. तरी मी निघालो.

मेहकरला उतरून एका टपरीच्या बाकड्यावर वीस मिनिटे आडवा झालो. उठलो तेव्हा थोरला नातू विचारत होता, "आजोबा, तुम्ही गाडीत झोपला होतात का?" मी नाही म्हणालो. सौ. काही बोलली नाही. पण तिथून पुढे कारंज्यापर्यंत, आणि परतीच्या वाटेवरही, ती पुढच्या सीटवर बसली. शाळेतल्या बाई मुलाला उभे करून धडा वाचायला लावतात, तशी मला प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायला लावत होती.