न झिजलेल्या पात्याचा भाव

खंडेनवमीला लोहाऱ्यासारख्या गावात विळे, खुरपी, कुऱ्हाडी, वखराची पास असं सगळं धुऊनपुसून ओळीनं मांडलं जातं. हळदकुंकू लागतं, फूल वाहिलं जातं. यवतमाळ शहराला लागून असलेल्या या गावाला आज एमआयडीसीचा शेजार आहे, पण भोवतालचा मुलूख कापूस-सोयाबीनचाच. त्या दिवशी विळ्याला सुट्टी. दसरा उलटला की तो पुन्हा वावरात.

शेतीकामाचे जुने चाकू जमवणाऱ्यांच्या कपाटात मात्र ही नवमी बारा महिने चालते.

हा छंद अमेरिकेत फोफावला. तिथल्या पशुपालकांच्या खिशातल्या 'स्टॉकमन' चाकूला बहुधा तीन पाती असतात. त्यातलं एक गुरं खच्ची करण्यासाठी. ते भलतीकडे टोचू नये म्हणून त्याचं टोक बोथट. आपल्याकडे त्याचा जवळचा नातलग म्हणजे संत्र्याच्या रोपवाटिकेतला कलमचाकू. जंबेरीच्या खुंटावर पात्यानं इंग्रजी 'टी'सारखी चीर द्यायची, चाकूच्याच चपट्या पट्टीनं साल अलगद उचलायची आणि नागपुरी संत्र्याचा डोळा आत सरकवायचा. धार गेलेली असेल तर साल चेंगरते, डोळा धरत नाही. म्हणून पातं सारखं दगडावर घासलं जातं आणि वर्षागणिक अरुंद होत जातं.

आता संग्राहकांच्या बाजारात भाव कुणाला? पाती भरलेल्या आणि दगड फारसा न लागलेल्या चाकूला. जो आयुष्यभर राबला तो मोडीत, डबीत पडून राहिला तो अनमोल! कापणं हा चाकूचा धर्म मानला, तर हा बाजार स्वधर्म चुकवणाऱ्याचाच सत्कार करतो. आपला १९५९चा शस्त्र कायदासुद्धा निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येबाहेर ठेवतो. तिथेही नुसत्या पात्यापेक्षा प्रयोजन वजनदार ठरलं आहे. ते प्रयोजनच काढून घेतलं, तर उरतं ते लोखंड आणि मालकाची हौस.

हौशीवर अपरिग्रहाचा आक्षेप जुनाच. जैनांच्या पाच महाव्रतांत तो आहे, पतंजलीच्या यमांतही आहे. गंमत अशी, की यवतमाळशेजारच्या वर्धा जिल्ह्यात, १९३६मध्ये सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींच्या मोजक्या वस्तूही बापू कुटीत जपून ठेवलेल्या आहेत. अपरिग्रही माणसाचाही संग्रह झालाच. फरक एवढाच, की त्या वस्तू हाताळून जुन्या झालेल्या आहेत; त्यांची किंमत वापरातून आली, वापर टाळून नव्हे. संग्राहकानं झिजलेलं पातं निवडलं तर आक्षेपाची निम्मी धार तिथेच जाते.

उरलेल्या निम्म्याचं उत्तर पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिलं. अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकाची भांडी अशा रोजच्या वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि १९७५मध्ये सगळा संग्रह राज्य शासनाला देऊन टाकला. मालकीचा गुंता सुटला. अडकित्त्यांना सुपारी मात्र अजून मिळालेली नाही.