प्रार्थना करू या, डॉक्टरांनाही भेटू या



राखेच्या बुधवारी आपल्यापैकी काहीजण विडी-सिगारेट सोडण्याचा संकल्प करतात. चार दिवस निभावतात. मग चिडचिड होते, झोप उडते. जालन्याच्या मोंढ्यात, स्टीलच्या कारखान्यात किंवा शेताच्या बांधावर कोणीतरी विडी पुढे करतो आणि संकल्प मोडतो. मग वाटते, आपली श्रद्धाच कमी पडली. काहीजण लाजेने पापनिवेदनालाही येत नाहीत.

आपण असे खचून जाऊ नये. निकोटीनची सवय शरीरालाही जडते. ती सोडताना पहिले काही दिवस फार कठीण जातात. यावर डॉक्टरांकडे उपाय आहेत. निकोटीनचे च्युइंगगम किंवा पट्टी देऊन मात्रा हळूहळू कमी करता येते. गरज पडल्यास गोळ्याही देतात. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

बेनसिराच्या पुस्तकाचा ३८ वा अध्याय हेच शिकवतो : आजारात देवाची प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याचे स्थान द्यावे, कारण वैद्य आणि औषध दोन्ही देवाचीच देणगी आहेत. म्हणून डॉक्टरांकडे जाणे हा अविश्वास नव्हे. संत पौल ज्या शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो, त्याचीच ती सेवा आहे.

घरच्यांनी टोमणे मारू नयेत. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, तरी प्रभूने त्याच्याच हाती आपली मेंढरे सोपवली. आपणही पुन्हा उठू या. या आठवड्यात गुडघे टेकू या आणि दवाखान्याची पायरीही चढू या.