बेटाचा बेत, ग्वारीघाटावर

संध्याकाळी जबलपूरच्या ग्वारीघाटावर जाऊन बसा. आरतीची गर्दी व्हायला अजून अवकाश असावा. खालच्या पायऱ्या ओल्या असतात, त्या सोडून जरा वर बसा. फोन खिशातच राहू द्या. अंदमानच्या पॅकेजांचे भाव रात्रीपर्यंत कुठे पळून जात नाहीत. डोळे मिटायची गरज नाही. नुसतं पाण्याकडे बघा.

पलीकडे गुरुद्वारा दिसतो. नावेत बसलं की तिथे पोचता येतं. जन्मभर आपण अशी काठाची माणसं: एका बाजूला नर्मदा, दुसऱ्या बाजूला बाजार, शाळा, नातेवाइकांची घरं. बेटावर कुठल्याही रस्त्याने निघालात तरी शेवटी पाणीच लागणार. या कल्पनेने मोकळं वाटतं का? की पोटात जरा कालवतं? दोन्ही होत असेल तर होऊ द्या. उत्तराची घाई नको.

आता पाणी कुठे चाललंय ते बघा. पश्चिमेला, खंबातच्या आखाताकडे. आपण निघणार पूर्वेला. जोहिलेपायी रागावलेल्या नर्मदेने नवरदेव शोणाकडे पाठ फिरवली, ही अमरकंटकची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली आहे. शोण गंगेला मिळाला आणि तिच्यासोबत बंगालच्या उपसागरात गेला. म्हणजे अंदमानच्या वाटेवर मैया सोबतीला नाही; असलाच तर तिने टाकलेला तो नवरदेव. घरी आजीला हे सांगून बघा, बेताला भलतंच वळण लागेल.

श्वास संथ होऊ द्या आणि मे महिना मनात आणा. पारा बेचाळीसच्या पुढे, दुपारी लू, कूलरच्या ओल्या खसचा वास. मुलांना सुट्टी तेव्हाच, म्हणून बेतही तेव्हाचाच. पण देशात मोसमी पाऊस सगळ्यांत आधी पोचतो तो अंदमानात, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. जबलपूरला यायला त्याला जूनचा मध्य उलटतो. मेअखेरीस गेलात तर जो पाऊस इथे गच्चीत उभं राहून महिनाभर वाट बघायला लावतो, त्याला तुम्ही सामोरे जाल. समुद्र खवळला तर बेटाबेटांमधल्या बोटी थांबतील, स्वराजद्वीपला जाणं राहूनही जाईल. हिरमोड झाला? मग तुम्हाला कोरडी वाळू आणि निळं पाणी हवं आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पावसाचं ऐकून मन उचंबळलं असेल, तर बेटाचं फक्त निमित्त आहे. या एका प्रश्नापाशी हवा तेवढा वेळ बसा. मला विचाराल तर निम्म्या सहली इथेच फसतात: हवं असतं एक आणि बुक केलं जातं दुसरंच.

डिसेंबर धरलात तर हवा चांगली, पण दिवस तोकडा. घड्याळ देशभर एकच असलं तरी बेटं खूप पूर्वेला आहेत. तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्या चार वाजताच्या चहानंतर दिवस जवळजवळ संपलेलाच.

आता सेल्युलर जेल. मराठी घरातून कुणी अंदमानला जातं आणि तिथे जात नाही, असं सहसा होत नाही. पण तिथली पाटी वाचण्याआधी इथे बसूनच ती इमारत डोळ्यांपुढे उभी करा. 1906 मध्ये पुरी झाली. मधल्या मनोऱ्यापासून सात फाटे फुटलेले. आज त्यांतले तीनच उभे आहेत. एका फाट्याच्या कोठड्यांचं तोंड दुसऱ्याच्या पाठीकडे, म्हणजे माणसाला माणसाचा चेहरा दिसू नये. झरोका हात पोचणार नाही इतका उंच. चारी बाजूंना समुद्र आणि कैद्यापुढे भिंत. सावरकर 1911 ते 1921 तिथे होते. थोरले बाबाराव त्यांच्याही आधीपासून. तुरुंग एकच, पण भावाभावांची भेट दुर्मीळ. आपण परतीच्या तिकिटासकट जातो. त्या कोठडीत उभं राहून किती मिनिटांनी मुलं ‘चला ना’ म्हणतील? म्हणू द्या. फोटो मात्र बाहेर आल्यावर काढा.

सुभाषबाबूही आठवतील. आपल्या इथल्या 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसला ते तापाने फणफणलेले, स्ट्रेचरवरून आणलेले. 30 डिसेंबर 1943 ला त्यांनीच पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. ते गाव आता श्री विजयपुरम.

अजून उठू नका. बॅग उरली आहे. मनातल्या मनात ती भरा आणि अर्धी रिकामी करा. तिथे पाऊस आपल्या दुपटीहून जास्त पडतो, पण बराचसा समुद्राला मिळतो, आणि उन्हाळ्यात नळाचं पाणी मोजून येतं. दिवसातून तीनदा अंघोळ करायची आपली सुट्टीतली चैन तिथे कुणाच्या तरी बादलीतून येते. प्रवाळाचा तुकडा उचलून आणायला कायद्याने मनाई आहे. भेडाघाटहून संगमरवरी शिवलिंग घरी आणणाऱ्या आपल्यासारख्यांना हात आवरणं जड जाईल. जारवा आदिवासींच्या जंगलातून गाड्या ताफ्याने जातात, थांबायचं नाही, कॅमेरा काढायचा नाही. तिथे खिडकीतूनही डोकावू नये, असं माझं मत.

पायऱ्यांवर गर्दी वाढली की उठा. उद्या ऑफिसात डिसेंबरच्या रजेचं विचारा, आणि आजीला विचारा: चेन्नईहून विमानाने दोन-अडीच तास, की जहाजाने तीनेक दिवस?