पाण्यामागे गेलेली केबल

उन्हाळ्यात उजनी धरणाची पातळी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याखाली गेली, की केत्तूर, वांगी, कुगावकडचा शेतकरी पाण्यामागे निघतो. मोटार पुढे सरकवायची, पाइप जोडायचे, केबल वाढवायची. पाणी आणखी हटले की पुन्हा तेच. डीपीपासून मोटार लांब गेली की वाटेतच व्होल्टेज पडते. जोड कच्चा असेल तर आणखी पडते. मग मोटार नुसती गुरगुरते, तापते आणि एखाद्या रात्री जळते. म्हणून इथला जाणता माणूस मोटार खोलण्याआधी केबलचे जोड चाचपतो. 1980 साली धरण पूर्ण झाले, तेव्हापासून हे शहाणपण काठच्या गावांनी पदरचे पैसे मोजून मिळवले आहे.

दारातल्या मोटारसायकलपाशी मात्र आपण ते विसरतो, याची मला खंत वाटते.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आपल्या वजनाने उतरायचे. बॅटरी बसली तरी किक मारून, नाहीतर चार पावले ढकलून गाडी चालू व्हायची. आता टाकीतला पंप, इंजेक्टर आणि त्यांना हुकूम देणारा ईसीयू हे सगळे बारा व्होल्टवर जगतात. वीज उणी पडली की टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहते. डेअरीत दूध पोचवायचे असते, भिगवणच्या बाजारात मासळी न्यायची असते, आणि गाडी सेल्फ घेऊनही पेटत नाही.

अशा वेळी ‘पंप गेला’, ‘ईसीयू गेला’ हे निदान फार लवकर होते. पार्ट बदलून बघण्याची ही रीत मला मान्य नाही. तो खर्च एखाद्या घराचा आठवड्याचा बाजार खाऊन टाकतो.

चावी फिरवली की टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू यायला हवी. ती दबकी असेल किंवा नसेलच, तर विजेच्या वाटेने चालत जावे: बॅटरीचे टर्मिनल, फ्यूज, रिले, कपलर. आणि परतीची वाट, म्हणजे अर्थिंगची वायर, तर मुळीच सोडू नये. ती इंजिनाला किंवा चासीला एका बोल्टने आवळलेली असते आणि तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. काठची ओल, सीटवरून वाहिलेली खताची पोती, पाइपच्या धारेखाली धुतलेली गाडी... त्या बोल्टखाली गंज आणि कपलरच्या पिनांवर हिरवट थर धरायला एवढे पुरते.

गंमत अशी, की गाडी बंद असताना मल्टीमीटर लावला तर सगळे ठीक दिसते. वीज वाहत नसताना वाईट जोडही व्होल्टेज खात नाही. पंप तीन अँपिअर ओढत असेल आणि जोडात अर्धा ओहम अडथळा असेल, तर दीड व्होल्ट तिथेच जातात. म्हणून मोजायचे ते भार असताना. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. आकडा शून्याजवळ राहायला हवा. तो अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला, तर बोल्ट सोडून पॉलिश पेपरने घासावा, पुन्हा घट्ट आवळावा आणि परत मोजावे. पंपाच्या कपलरपाशीही, पंपाच्या दोन्ही वायरींमध्ये, त्याला वीज मिळत असतानाच मोजावे.

तिथे पुरते बारा व्होल्ट पोचत असतील आणि तरीही पंप गप्प असेल, तर तो खरोखरच गेला आहे. मग नवा घ्यायला हरकत नाही.